सिट-अप्स म्हणजे उठाबशा नव्हेत!

शाळेत कान धरून काढलेल्या सिट-अप्स आठवतात ना? इंग्रजी व्यायामाच्या पुस्तकात सिट-अप भलतीच आहे. ‘सिट डाउन’ म्हणजे उभ्याने खाली बसणे, ‘सिट अप’ म्हणजे आडव्याने उठून बसणे. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे आणि धड वर उचलायचं. ताण पोटावर. आपली उठाबशी म्हणजे तालमीतल्या बैठकीची धाकटी बहीण; जिममध्ये तिला स्क्वॉट म्हणतात आणि भरतात त्या मांड्या.

भिवंडीला आमच्या होस्टेलवर एकजण ‘रोज ५० सिट-अप्स’ असा तक्ता भिंतीला लावून महिनाभर बैठकाच काढत होता. मांड्या दगड, पोट मात्र मेसच्या भातासारखं मऊ! मी सांगितलं तर भडकला, “पी.टी.च्या सरांनी हेच शिकवलंय!” सरांचंही चूक नाही. भारतीय इंग्रजीत हा अर्थ केव्हाच रुळलाय. पण बाहेरच्या चाचणीचे नियम वाचताना फसगत होते.

गंमत म्हणजे खरी सिट-अपही मागे पडतेय. कमरेवर ताण येतो, ही तिच्याबद्दलची जुनी तक्रार. अमेरिकेच्या लष्करी चाचणीत १९८० पासून २ मिनिटं सिट-अप्स असत. २०२२ पासूनच्या चाचणीत प्लँक आहे. बैठका मात्र टिकून आहेत.