रणभूमीवरील जीप आणि सैनिकांची कारागिरी

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी आपल्या हाताने भरपूर फेरफार केले ते जीपमध्ये, आणि त्याचे कारण त्या गाडीच्या घडणीतच होते. अमेरिकी सैन्याने जुलै १९४० मध्ये पाव टन वजनाचा भार वाहणारी, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी टेहळणी गाडी मोटार कंपन्यांकडे मागितली. बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला, आणि पुढे विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. लांबी साडेतीन मीटरांहून कमी, इंजिन ६० अश्वशक्तीचे, दारे नाहीत, पक्के छप्पर नाही, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते आणि अंग सपाट पत्र्याचे, अशी ही गाडी होती. अशा पत्र्याला भोक पाडणे किंवा त्यावर लोखंडी कोन वेल्ड करणे छावणीतल्या कोणत्याही फिटरला जमण्यासारखे होते, आणि सैन्यात दाखल झालेल्यांत शेतावरची यंत्रे व गॅरेज यांत वाढलेल्या तरुणांची कमतरता नव्हती.

युद्ध म्हणजे अखंड लढाई, अशी सर्वसामान्य समजूत असते. प्रत्यक्षात सैनिकाचा बराच काळ थांबण्यात जातो. पुढचा हुकूम येईपर्यंत तळावर पडून राहायचे, गणवेश दिलेला, जेवणाची वेळ ठरलेली, झोपण्याची जागाही नेमून दिलेली, अशा आयुष्यात स्वतःच्या मनाने काही करण्यास वाव राहतो तो हाती दिलेल्या वस्तूंपुरताच. म्हणून काचेच्या चौकटीखाली प्रेयसीचे किंवा गावाचे नाव रंगवले गेले, खोक्यांच्या फळ्यांतून छप्पर उभे राहिले, पडलेल्या विमानांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून दारे कापली गेली आणि कडक बैठकीवर कुठून तरी मिळवलेली गादी चढली. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाची शिंगे रंगवतो आणि पाठीवर झूल टाकतो, त्यामागची जी आपुलकी, तीच या रंगकामामागे होती. जो जीव आपल्याबरोबर चिखल तुडवतो त्याला नाव द्यावे, नटवावे, ही इच्छा माणसाला उपजतच असते. या गाड्या सरकारी मालमत्ता होत्या आणि त्यांत परस्पर बदल करणे नियमात बसणारे नव्हते, तरी अनेक अधिकाऱ्यांनी याकडे काणाडोळा केला, आणि तो योग्यच होता.

या हौसेतून आणि नडीतून झालेल्या बदलांमध्ये सीमारेषा आखणे कठीण आहे, कारण हात तेच, हत्यारे तीच आणि भंगारही तेच. जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी तार ताणून ठेवत आणि काच पाडून जाणाऱ्या जीपमधील माणसाच्या मानेवर ती बसे. यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरवर उभा लोखंडी कोन वेल्ड करून त्याच्या माथ्याशी तार तोडणारी खाच ठेवण्यात येऊ लागली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश अधिकारी डेव्हिड स्टर्लिंग यांच्या छापामार पथकाने १९४२ च्या उन्हाळ्यात काच काढून टाकली, हवा खेळावी म्हणून रेडिएटरसमोरच्या जाळीच्या पट्ट्या कापल्या, उकळून वाफ होणारे पाणी पुन्हा साठवण्यासाठी पुढे डबा बसवला आणि विमानासाठी बनलेल्या व्हिकर्स मशीनगन जीपवर चढवल्या. अशा १८ गाड्यांनी जुलैच्या अखेरीस एका रात्री सिदी हनेशच्या विमानतळावर छापा घातला. ब्रह्मदेशात १९४४ मध्ये रेल्वे इंजिने हाताशी नसल्यामुळे जीपला रुळांवर चालणारी लोखंडी चाके लावून तिच्याकडून डबे ओढून घेण्यात आले. इटलीत, जिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिथल्या डोंगरांत जीप जाईल तिथपर्यंत जीप आणि पुढे खेचर, अशी रसद चाले. परतीच्या वाटेला त्याच जीपवर चौकटी बांधून जखमींचे स्ट्रेचर ठेवले जात. अमेरिकी व्यंगचित्रकार बिल मॉल्डिन यांच्या एका प्रसिद्ध चित्रात जुना घोडदळी सैनिक डोळ्यांवर हात धरून आपल्या मोडक्या जीपला पिस्तुलाने गोळी घालतो आहे. जखमी घोड्याला यातनामुक्त करण्याची घोडदळाची रीत त्याने जीपलाही लावली, यावरून ही गाडी सैनिकांच्या लेखी काय होती हे कळते.

सैन्याची गती त्याच्या वाहनावर अवलंबून असते, याचा अनुभव मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या मातीने फार पूर्वी घेतला आहे. याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत मराठ्यांच्या तोफखान्याच्या माऱ्यात तोफा ओढणारे बैल पडले आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांच्या सैन्याच्या बऱ्याच तोफा मागेच राहिल्या. त्यानंतर १४५ वर्षांनी, हैदराबाद संस्थानावरील कारवाई चालू असताना, औरंगाबादकडून आलेल्या भारतीय सैन्याने १५ सप्टेंबर १९४८ रोजी गुरखा पलटणीची एक तुकडी जालना शहराच्या ताब्यासाठी ठेवली आणि उरलेले सैन्य पुढे लातूर व मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, वळले. दोन-तीन दिवसांत एवढे अंतर कापणारे हे सैन्य मोटारींवर चालणारे होते आणि त्याच्याकडील जीप महायुद्धाचा वारसा होत्या.

युद्ध संपल्यावर जीप नागरी जीवनात आली. मुंबईत १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने कंपनी स्थापन झाली, फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्याने १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले, आणि तिने विलिस जीपचे भाग जोडून गाड्या बांधण्यास सुरुवात केली. सैन्यातही जीपवरील कारागिरी थांबली नाही. रिकॉइललेस तोफ, म्हणजे मागच्या बाजूने वायू सोडून धक्का नाहीसा करणारी हलकी रणगाडाविरोधी तोफ, जीपवर बसवण्याची पद्धत पुढे अधिकृत झाली. अशाच जीपवरून भारतीय सैन्यातील अब्दुल हमीद यांनी १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात खेमकरण भागात पॅटन रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले.

मराठवाड्याच्या रस्त्यांवर प्रवासी वाहतुकीच्या जीपचे मागचे अंग वाढवून बाके बसवणारे आणि मागे देवाचे किंवा मुलांचे नाव रंगवून घेणारे चालक त्याच परंपरेतले आहेत. आज मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही मनाई अधोरेखित केली आहे. भार पेलण्याची मर्यादा आणि वळणावरचा तोल पाहता सार्वजनिक रस्त्यासाठी हा नियम रास्तच म्हणावा लागेल. पण जुन्या लष्करी जीप विकत घेऊन त्या कारखान्यातून निघाल्या तशा करू पाहणाऱ्या हौशींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंपरवरचा कोन किंवा काचेखालचे पुसट नाव हे गाडीवरचे डाग नव्हेत. ते घासून टाकण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मापे टिपावीत आणि शक्य असेल तिथे ते तसेच राहू द्यावेत.