तांदळाने मोजलेलं अंतर

तिरुप्पनंदाळला मावशीच्या घरी आम्ही दुपारभर ओटा अडवून ठेवला होता. जुन्या स्पीकरमधली दोन कडी-चुंबकं, प्रत्येकी ५३ ग्रॅम, बांबूची काडी, डिजिटल काटा आणि फूटपट्टी. लाकडी ठोकळ्यात काडी उभी केली, समान ध्रुव समोरासमोर ठेवून कडी ओवली आणि वरचं कडं तरंगलं.

ठोकळा आणि काडी ठेवून काटा आधीच शून्यावर आणला होता. आता आकडा १०६! भाचा वाकून बघू लागला. वरचं कडं तर कशालाच टेकलेलं नाही. पण खालचं त्याला जेवढं वर ढकलतं, तेवढंच ते खालच्याला दाबतं.

मग गणित. दोन चुंबकांमधलं बल अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, असं सूत्र. म्हणजे वजन दुप्पट केलं तर अंतर जेमतेम १६ टक्क्यांनी घटावं. मध्यापासून मध्यापर्यंत ४५ मिलिमीटर भरले होते. कागदी द्रोणात ५३ ग्रॅम तांदूळ घालून वर ठेवले (लोखंडाचं वजन इथे चालत नाही). अपेक्षा ३८ची, भरले ३४. घर्षणामुळे कडं वरून सोडलं की जरा वर अडे, खालून सोडलं की जरा खाली. टिचक्या मारल्या, सरासरी काढली. तरी ३४च.

सूत्र खरं होतं, आम्ही ते भलत्या जागी लावलं होतं. चुंबकाच्या आकारापेक्षा अंतर खूप मोठं असेल तेव्हाच ते लागू पडतं. आमचं कडंच ४५ मिलिमीटर रुंद. इतक्या जवळ बल त्या मानाने सावकाश वाढतं, म्हणून तेवढे तांदूळ पेलायला कडं आणखी खाली उतरतं. या चार मिलिमीटरांनी मला पुस्तकातल्या पानापेक्षा जास्त शिकवलं.

संध्याकाळी अरुणजटेश्वराच्या देवळात गेलो. इथलं कललेलं लिंग राजाच्या हत्तींनाही सरळ करता आलं नाही, ते शैव संत कुंगिलिय कलय नायनारांनी गळ्यात दोर बांधून ओढलं, अशी पेरियपुराणातली कथा. भाच्याने विचारलं, आपल्या काडीचं काम काय? कड्याला जागेवर धरून ठेवणं.

नुसत्या स्थिर चुंबकांच्या बळावर चुंबक हवेत स्थिर राहू शकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांच्या १८४२ साली छापलेल्या सिद्धान्तातून निघतं. शांघायच्या मॅग्लेव्ह गाडीतही सुमारे एक सेंटिमीटरची फट सतत मोजून विद्युतचुंबकांचा प्रवाह कमीजास्त करावा लागतो.

घरी येऊन काडी उपसली. कडं बाजूला घसरलं, हवेतच उलटलं आणि खटकन खालच्याला चिकटलं. तांदूळ ओटाभर.