पहिलं ऑटोमॅटिक : आधी यंत्र, मग तबकडी

दिवसाचे सेकंद ८६,४००. नवं ऑटोमॅटिक घड्याळ त्यात वीस सेकंद पुढे गेलं, तर ते बिघडलेलं नसतं. सेलच्या घड्याळावर वाढलेल्या ग्राहकाला ही गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. आठवड्याभरात दोन मिनिटांचा फरक दिसला की आपण फसलो, असं त्याला वाटू लागतं. म्हणून आकडे आधी पाहू. क्रोनोमीटरचा दर्जा देणारी स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था यंत्राला रोज सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढीच मुभा देते. तो महागड्या घड्याळांचा मामला. सेकोच्या फोर-आर-३६ या यंत्राला कंपनीनेच दिलेली मर्यादा ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. सिटिझनच्या घरातल्या मियोटा ८२०० मालिकेला ४० पुढे, २० मागे. प्रत्यक्षात ही यंत्रं बहुधा याहून बरीच नेटकी चालतात, पण विकत घेताना गृहीत धरायचा तो कंपनीचा आकडा. अचूक वेळ एवढंच हवं असेल, तर साधं सेलचं घड्याळच घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

मग ऑटोमॅटिक कशासाठी? मनगट हललं की आतला अर्धगोल रोटर फिरतो आणि कमान गुंडाळतो. कमान उलगडताना चक्रं फिरतात आणि बॅलन्स तासाला २१,६०० ठोके देतो. घड्याळ काढून ठेवलं तरी साधारण चाळीस तास चालतं. शुक्रवारी रात्री काढलेलं घड्याळ सोमवारी सकाळी बंद सापडतं, तेही नियमानुसारच. सेल नाही, सर्किट नाही. नीट राखलं तर पुढच्या पिढीच्या हातात चालू स्थितीत देता येईल, असं हे यंत्र आहे. मला त्याचं मोल वाटतं ते यासाठी.

महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिलं घड्याळ एचएमटीचं आलं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. ‘जनता’ आणि ‘पायलट’ चावीची होती. ‘कांचन’ ऑटोमॅटिक, लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ म्हणून गाजलेलं. १९८७ साली टायटनची सेलची घड्याळं बाजारात आली आणि चित्र पालटलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. या काळात आपण एका कारखान्याबरोबर आणखी काही गमावत गेलो. नाक्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला, कमान बदलणारा, तेल देणारा कारागीर कमी होत गेला; सेल आणि पट्टे बदलणारे उरले. पहिलं ऑटोमॅटिक निवडताना हा बदल लक्षात ठेवावाच लागतो.

म्हणूनच मी नवशिक्याला जपानी यंत्राकडे वळवतो. सेकोने १९६३ साली ‘फाइव्ह’ काढलं, तेव्हा त्यातले पाच गुण असे होते : आपोआप चावी, एकाच खिडकीत वार आणि तारीख, पाण्यापासून संरक्षण, चारच्या आकड्याजवळ आत बसवलेली चावी, टिकाऊ पेटी आणि पट्टा. चावी आडबाजूला ढकलली, कारण ती रोज फिरवायची गरजच नव्हती. त्याआधी १९५९ मध्ये सेकोने ‘मॅजिक लिव्हर’ नावाची जोडणी काढली होती. रोटर कोणत्याही बाजूला फिरो, तिच्यामुळे कमान गुंडाळली जाते, आणि तिला सुटे भाग थोडे लागतात. स्वस्त आणि टिकाऊ हे दोन्ही एकत्र आलं ते अशा साधेपणातून. १९९६ चं सेव्हन-एस-२६ याच परंपरेतलं. त्याला हाताने चावी देता येत नव्हती, आणि वेळ लावताना सेकंदकाटाही थांबत नव्हता. आजच्या फोर-आर-३६ मध्ये दोन्ही सोयी आहेत. हेच यंत्र एनएच-३६ या नावाने इतर कंपन्यांनाही विकलं जातं. अनोळखी छोट्या ब्रँडच्या माहितीत हे नाव, किंवा वाराची खिडकी नसलेलं एनएच-३५, दिसलं तर निदान आतलं यंत्र परिचयाचं आहे असं समजा.

सिटिझनचं त्सुयोसा आणि ओरिएंटचं बाम्बिनो हे दुसरे दोन चांगले पर्याय. त्सुयोसाला सफायर काच आहे, तिच्यावर सहज चरे पडत नाहीत. त्यातलं मियोटा यंत्र एकाच दिशेने चावी भरतं. उलट दिशेला रोटर मोकळा गरगरतो, त्याची घरघर ऐकू येते, कधी मनगटालाही जाणवते. तो दोष नव्हे. बाम्बिनो समारंभाचं घड्याळ आहे. त्यावरच्या ३० मीटरचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, एवढाच घ्यावा. पोहायचं असेल तर १०० मीटरचं घड्याळ पाहा.

जाहिरातीत खड्यांची संख्या मिरवलेली दिसेल. हे खडे म्हणजे झीज कमी करायला बसवलेली कृत्रिम माणकं. चावीच्या ‘जनता’ला सतरा पुरत होती, ऑटोमॅटिकला एकवीस ते चोवीस पुरतात. आकडा मोठा म्हणून यंत्र चांगलं ठरत नाही.

आता मुंबईचा विषय. जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द येतो, आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या सेको, एचएमटी किंवा स्विस घड्याळांची तबकडी पुन्हा रंगवायची, दुसऱ्या घड्याळाचे काटे घालायचे, पेटी घासून चकचकीत करायची आणि दोन-तीन हजारांत विकायची, असा हा धंदा. भडक केशरी किंवा निळ्या तबकडीचं जुनं सेको पाहून मन भुलतं. आतलं यंत्र मात्र चाळीस वर्षं झिजलेलं, कधी तीन यंत्रांचे भाग जुळवून उभं केलेलं असतं. ओळखायच्या खुणा आहेत. सेकोच्या मागच्या झाकणावर, समजा, ६३०९ ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर आतल्या यंत्रावरही ६३०९ च असायला हवं, आणि तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांतही तोच आकडा दिसायला हवा. तिथे काहीच छापलेलं नसेल, अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतील, पेटीचे कोपरे गुळगुळीत झाले असतील, तर हात आखडता घ्या. जुन्या घड्याळांचा नाद मलाही प्रिय आहे. पण पारख यायच्या आधी तिथे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेतल्यावरची काळजी थोडी, पण महत्त्वाची. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत तारीख किंवा वार हाताने बदलू नका. त्या वेळी तारखेची चक्रं गुंतलेली असतात, दात तुटू शकतात. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा घ्या. स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकी कड्यांजवळ ठेवल्याने केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढायला जाणकाराला दोन मिनिटं पुरतात, घड्याळ उघडावंही लागत नाही. तेल मात्र काही वर्षांनी वाळतंच, तेव्हा सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरून चला.

दहा-पंधरा हजारांपासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत बऱ्यापैकी निवड मिळते. माझा कौल : मध्यम मनगटाला ३८ ते ४० मिलिमीटरचं, वॉरंटीपत्रासह, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं नवं सेको किंवा सिटिझन. आणि पैसे मोजण्याआधी तुमच्या भागात जो अजून भिंग लावून बसतो, त्याच्याकडे जा. यंत्राचा क्रमांक सांगा आणि हे तुम्ही उघडता का, एवढंच विचारा. तो हो म्हणाला, तर घ्या.