उद्यानातली जुनी शेतं पुन्हा पिकली

निसर्ग राखायचा तर शेतकऱ्याला उठवायलाच हवं का? अमेरिकेत ओहायो राज्यातलं कायाहोगा खोरं १९७४ साली संरक्षित झालं. सरकारनं तिथली घरं, जमिनी विकत घेतल्या. बरीच शेतं पडीक पडली, कोठारं मोडकळीला आली. मग १९९९ पासून उद्यानानं हीच जुनी शेतं शेतकरी कुटुंबांना भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरवलं. जमीन सरकारचीच, पण पट्टा ६० वर्षांपर्यंतचा. अट अशी, की माती, पाणी आणि वन्यजीव जपूनच पिकवायचं. मुदत लांब असली की शेणखत घालायला, फळझाडं लावायला हात आखडत नाही. एका वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या रानात झाड कोण लावील? माती सांभाळून हवी, तर कसणाऱ्याला उद्याची खात्री द्यायला हवी.