पूर्वी जहाजानं पाणी मागवलेलं बेनिडॉर्म : स्पेनच्या या बीचवर गेलात तर बीच सोडून काय बघाल?

निळाशार समुद्र, सोनेरी वाळू आणि मागे थेट आकाशाला भिडलेल्या इमारती. इन्स्टाग्रामवर असा फोटो दिसला की निम्म्या लोकांना तो दुबईचा वाटतो. प्रत्यक्षात तो असतो स्पेनमधल्या बेनिडॉर्मचा. आलिकांते प्रांतातलं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं हे शहर. कायमची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, पण उन्हाळ्यात ती कित्येक पटींनी वाढते.

गंमत म्हणजे 1950 पर्यंत हे साधं मच्छीमारांचं गाव होतं. ट्यूना पकडायची भलीमोठी जाळी लावण्यात इथले लोक वाकबगार. 1956 च्या उन्हाळ्यात कवयित्री सिल्विया प्लाथ आणि टेड ह्यूज हनिमूनला इथं राहिले होते. म्हणजे तेव्हा इथं शांतता होती.

मग असं काय झालं?

तर 1950 मध्ये पेद्रो सारागोसा नावाचा तरुण इथला महापौर झाला. उत्तर युरोपातल्या लोकांना ऊन हवंय आणि आपल्याकडे ते फुकट पडून आहे, हे त्यानं ओळखलं. पण तेव्हा स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती, चर्चचा वचक होता आणि बिकिनी घातली तर दंड व्हायचा. सारागोसानं गावात बिकिनीला मोकळीक दिली. चर्चकडून बहिष्काराची भाषा सुरू झाली, तेव्हा हा गडी व्हेस्पा स्कूटर काढून माद्रिदला थेट फ्रँकोला भेटायला गेला आणि काम करून आला, असं सांगितलं जातं. हा किस्सा मुख्यतः त्यानं स्वतःच सांगितलेला, त्यामुळे थोडं मीठमसाल्यासकट घ्या.

खरं मोठं काम मात्र कागदावर झालं. 1956 मध्ये बेनिडॉर्मनं पूर्ण गावाचा विकास आराखडा केला आणि 1963 च्या बदलात इमारतींच्या उंचीवरची मर्यादा काढली. अट एकच, आजूबाजूला जागा मोकळी सोडायची. म्हणून हे शहर आडवं पसरायच्या ऐवजी उभं वाढलं.

यातली सगळ्यात गाजलेली इमारत म्हणजे इन्टेम्पो. 47 मजले, दोन उभे मनोरे आणि वर त्यांना जोडणारा हिरा. 2013 मध्ये 'बिल्डर लिफ्ट बसवायलाच विसरले' ही बातमी जगभर फिरली. ती साफ खोटी होती. लिफ्ट होत्या, संपले होते ते पैसे. 2007 ला सुरू झालेलं काम आर्थिक मंदीत अडकलं आणि इमारत पूर्ण व्हायला 2021 उजाडलं. तरी आजही दर काही महिन्यांनी ती पोस्ट कुणीतरी फॉरवर्ड करतंच.

गावात काय बघायचं?

मोठे बीच दोन. लेवांते सुमारे 2 किलोमीटरचा, गर्दीचा आणि गोंगाटाचा. पोनियेंते सुमारे 3 किलोमीटरचा, तुलनेनं निवांत. पोनियेंतेच्या काठानं रंगीत टाइल्सचा, लाटेसारखा वळत जाणारा रस्ता आहे. संध्याकाळी तिथून चालत जुन्या गावाकडे यायचं. दोन्ही बीचच्या मधे खडकाचं टोक समुद्रात घुसलंय, तिथं पूर्वी किल्ला होता. आता पांढऱ्या कठड्यांचा सज्जा आहे. फोटो तिथं काढा. एक लक्षात ठेवा, रात्री बारा ते सकाळी सात समुद्रात उतरायला बंदी आहे आणि दंड खिशाला झेपणारा नाही.

समोर समुद्रात त्रिकोणी बेट दिसतं. मागे पुइग काम्पाना नावाचा 1406 मीटर उंच डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याला चौकोनी खाच. दंतकथा अशी की रोल्दान नावाच्या राक्षसी ताकदीच्या वीराची प्रेयसी मरणाला टेकली होती. मावळता सूर्य डोंगराआड गेला की तिचा जीव जाणार. तिला आणखी काही क्षण मिळावेत म्हणून त्यानं डोंगराचा तुकडाच उडवला. तो गडगडत समुद्रात पडला, तेच हे बेट. बंदरातून बोटीनं तिथं जाता येतं. बेट संरक्षित भागात आहे आणि तिथं समुद्रपक्षी घरटी करतात, त्यामुळे आखलेल्या वाटेवरूनच फिरायचं.

चालायची आवड असेल तर शेजारच्या अल्बीरहून दीपगृहापर्यंतची वाट धरा. एका बाजूला सेर्रा जेलादाचे कडे, दुसऱ्या बाजूला समुद्र. रस्ता डांबरी आहे, घरातली ज्येष्ठ मंडळीही आरामात जातील. सावली मात्र कमी, म्हणून सकाळी जा.

ते निळं पाणी नेमकं कुणाचं?

बेनिडॉर्मपासून साधारण 25 किलोमीटरवर, डोंगरात ग्वादालेस्त आहे. जेमतेम दोनशे माणसांचं गाव. खडकातल्या बोगद्यातून आत शिरायचं, वर मोडका किल्ला. 1644 च्या भूकंपानं आणि नंतरच्या युद्धातल्या सुरुंगानं त्याची ही अवस्था झाली. वरून खाली पाहिलं की हिरव्या-निळ्या रंगाचा तलाव दिसतो आणि प्रत्येक जण मोबाइल काढतो.

तो तलाव नाही, धरण आहे. आणि बेनिडॉर्मच्या हॉटेलातल्या नळाला येणारं पाणी याच धरणातून आणि आमादोरिओ नावाच्या दुसऱ्या धरणातून जातं.

हा भाग कोरडा. ऊन विकायचं म्हणजे पाऊस कमीच असणार! 1978 च्या दुष्काळात तर बेनिडॉर्मला जहाजानं पाणी आणावं लागलं. टँकरची वाट बघणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हॉटेलवाल्यांची तेव्हाची हालत वेगळी सांगायला नको.

यावर त्या भागातल्या गावांच्या पाणी संघानं तोडगा काढला तो अदलाबदलीचा. शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतकऱ्यांना सिंचनासाठी द्यायचं आणि त्या बदल्यात त्यांच्या वाट्याचं धरणातलं स्वच्छ पाणी शहरानं घ्यायचं. उंच इमारतींचाही इथं फायदा झाला. माणसं कमी जागेत राहतात म्हणून पाइपलाइन आखूड, गळती शोधायला सोपी. घरोघरी लॉन आणि खासगी पूल असलेल्या बंगल्यांच्या वसाहतीला माणशी पाणी जास्त लागतं. दिसायला या इमारती अनेकांना आवडत नाहीत, पण पाण्याच्या हिशेबात त्या शहाण्या ठरल्या.

ग्वादालेस्तच्या वाटेवर कायोसा लागतं, लोकाटच्या बागांसाठी प्रसिद्ध. जवळच अल्गारचे धबधबे. भर ऑगस्टमध्येही पाणी इतकं थंड की उडी मारल्यावर तोंडातून आधी आवाज निघतो. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ आधी बघून ठेवा.

ट्रामनं कुठं?

बेनिडॉर्म ते आलिकांते ट्राम समुद्राच्या कडेनं जाते. मधे वियाहोयोसाला उतरा. बंदराकडची घरं लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची आणि गाव चॉकलेटचं. इथल्या 'वालोर' कंपनीची सुरुवात 1881 ची, तिचं संग्रहालयही आहे. जुलैच्या अखेरीस इथं 1538 च्या चाच्यांच्या हल्ल्याची आठवण म्हणून पहाटे समुद्रातून नौका येतात आणि किनाऱ्यावर लुटुपुटुची लढाई होते. उलट्या दिशेला गेलात तर पांढऱ्या घरांचं आल्तेआ.

कधी जायचं, काय खायचं?

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाळू कमी, टॉवेल जास्त दिसतात. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो.

जेवायला इंग्लिश पबच्या भागात न थांबता जुन्या गावातली तापासची गल्ली गाठा. रात्रीचं जेवण तिथं नऊच्या पुढेच. शाकाहारी असाल तर 'आरोस आ बांदा' या भातापासून जपून. ताटात तो पुष्कळदा साधा पिवळा भात दिसतो, पण शिजवलेला असतो माशांच्या पाण्यात. भाज्यांचा पाएया मागवा आणि तोही कशात शिजवलाय, हे आधी विचारा.