वीस घरांची वाडी : अकोल्याच्या डोंगरातील वस्ती समजून घेताना



आदिवासी भागातील कामाला मदत देताना एक प्रश्न हमखास निघतो : याचा लाभ किती जणांना होणार? प्रश्न रास्त आहे. पण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला त्याचे उत्तर बहुतेक वेळा लहानच येते. एका वाडीत वीस-पंचवीस घरे, पुढची वाडी ओढ्यापलीकडे, त्यापुढची टेकडीमागे. ही वस्ती इतकी विरळ का, आणि तिथले लोक त्याची किंमत कशी मोजतात, हे समजून घेतले तर त्या लहान आकड्याचा अर्थ कळेल.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आणि बराचसा अवर्षणप्रवण. अकोल्याचा पश्चिम भाग मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इथलेच. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पाचनई, कुमशेत ही गावे कोकणात उतरणाऱ्या कड्यांच्या आसपास वसली आहेत. नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघरला चांगल्या वर्षी तो पाच हजारांच्या घरात जातो.

इथे प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाज राहतो. डोंगरउतारावर माती पातळ आणि सपाट जमीन थोडी. भाताची खाचरे दरीच्या तळाशी तुकड्यातुकड्यांनी सापडतात, उतारावर नागली आणि वरई होते. जिथे चार खाचरे आणि एक झरा, तिथे काही घरांची वाडी. शंभर घरे एका जागी पोसेल एवढी जमीन आणि पाणी नाही, म्हणून वस्ती विखुरलेली आहे. लोकांना एकत्र राहायचे नाही असा त्याचा अर्थ नव्हे. त्यातच १९८६ पासून बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आला, त्यामुळे रस्ता रुंद करणे किंवा नवे बांधकाम करणेही सोपे राहिलेले नाही.

एवढा पाऊस असून पाणी का पुरत नाही? खाली काळा कातळ आणि तीव्र उतार. पाणी मुरायला वेळच मिळत नाही, ते वाहून जाते. कातळाच्या भेगांत साठलेल्या थोड्या पाण्यावर झरे चालतात आणि उन्हाळा लागला की आटू लागतात. मग बायांना हंडे घेऊन दरी उतरावी आणि चढावी लागते.

वाहून गेलेले पाणी जाते कुठे? प्रवरेवर १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. तिथे सुमारे ११ टीएमसी पाणी साठते आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. १९५० मध्ये लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या उसामागेही हेच पाणी आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे याच कालव्यांच्या पट्ट्यात राहतात. घाटघरला तर उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे : खालच्या धरणातले पाणी पंपांनी घाटमाथ्यावर चढवायचे, विजेची मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करायची. यंत्राने पाणी डोंगर चढते. याच डोंगररांगेतल्या कित्येक वाड्यांत ते अजून डोक्यावरून चढते.

आता विरळपणाची किंमत पाहू. सरकारी सोयी बहुधा डोकी मोजून ठरतात. डोंगरी व आदिवासी भागासाठी निकष सैल आहेत हे खरे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, इथे तीन हजारांना; प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांऐवजी वीस हजारांना. ग्रामसडक योजनेत मैदानी भागात पाचशे लोकवस्तीची अट होती, आदिवासी भागात अडीचशेची. पण वीस घरांच्या वाडीत माणसे असतात शंभर-सव्वाशे. सैल केलेल्या निकषातही ती बसत नाही. तीन हजार माणसे मोजायची तर कितीतरी वाड्या जोडाव्या लागतात, आणि त्यांच्यामध्ये ओढे व चढ असतात. पावसाळ्यात ओढा भरला की अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. कागदावर उपकेंद्र आहे. प्रश्न तिथवर पोचण्याचा आहे.

भात झोडून झाला की कामही संपते. मग अनेक कुटुंबे नारायणगावच्या बाजूला बागायती मजुरीला उतरतात. आश्रमशाळेत सोय झाली नाही तर मूलही आईबापांमागे जाते आणि त्याची शाळा सुटते.

हे लोक केवळ गरजू आहेत असे मात्र समजू नये. सावकारी आणि इंग्रजी अमलाविरुद्ध लढून २ मे १८४८ रोजी ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुठल्या उतारावर काय पिकते, कुठला झरा शेवटी आटतो, हे इथल्या माणसाला बाहेरच्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून काम ठरवताना आधी वाडीला विचारावे.

बहुतेक वेळा वाडीचे मागणे लहान असते : झऱ्याला बांधीव कुंड आणि झाकण, पावसाळ्यात ओढा ओलांडायला साकव, आई-वडील मजुरीला गेल्यावर मुलाला राहायला जागा. अशा कामाची दर माणशी किंमत काढली तर ती शहरातल्या कामापेक्षा जास्तच दिसेल. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा हिशेबही तसा महागच होता, आणि ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी "किती जणांना लाभ झाला?" हे जरूर विचारा. पण त्याच्याजोडीला आणखी एक प्रश्न विचारा : पाणी, दवाखाना आणि शाळा त्या वाडीपासून किती लांब होती, आणि आता किती जवळ आली?