पोटातलं पाणी हलू द्या!

जुनी स्पोर्ट्स कार दिसली की सगळ्यांची नजर आधी रंगावर आणि चाकांवर जाते. माझं प्रेम मात्र थेट गाडीखाली लोळण्यापर्यंत पोहोचलं! इंग्लंडमध्ये नोकरी करताना मी १९९३ची माझदा एमएक्स-५ घेतली होती. सायलेन्सरचा डबा बाहेरून ठीकठाक, पण स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर आरपार भोक!

यामागचा फंडा सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. घर ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत डबा नीट तापतच नाही, मग ते पाणी आतच साचतं. त्यात तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणजे दोन्हीकडून गंज!

मेकॅनिक म्हणाला, ‘मोठ्या आवाजाचा डबा लाव, मजा येईल.’ पण १९८९मध्ये आलेल्या या गाडीच्या एक्झॉस्टचा सूर माझदाच्या इंजिनिअर्सनी मुद्दाम जुळवलेला. तो कशाला बिघडवायचा? शिवाय आवाज वाढवण्यासाठी एक्झॉस्ट बदलणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. मग मूळ मापाचाच, पण स्टेनलेस स्टीलचा डबा आणला. गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर तेल मुरू दिलं. गॅस्केट आणि रबरी हँगर नवे टाकले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत होता, तो तसाच ठेवला. गाडी पुन्हा तिच्या स्वतःच्या आवाजात बोलायला लागली!

तेव्हा मंडळी, पॉलिशचं नंतर बघा. आठवड्यातून एकदा तरी जुन्या गाडीला अर्धा तास हायवेवर पळवा. तिच्या पोटातलं पाणी उडेल आणि तुमचा मूडही बनेल!